नवं लिनक्स टाकलं आणि होम रिकामं: सबव्हॉल्यूमचा घोळ

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या मशीनशी जुळत असेल तर पुढचं वाचा.

- इन्स्टॉल करताना जुनं होम तसंच ठेवायचं ठरवलं होतं. लॉगिन केलं तर डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स असे नवेकोरे रिकामे फोल्डर.
- मशीन सुरू होता होता इमर्जन्सी मोडच्या काळ्या पडद्यावर अडकतं. /होम माउंट झालं नाही, म्हणजे जोडलं गेलं नाही, अशी तक्रार असते.
- ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू येतो, पण पुढे रूट (सिस्टीमचं मूळ झाड) सापडत नाही. किंवा मेनूच येत नाही, थेट ग्रब रेस्क्यू.
- पार्टिशनिंगच्या पडद्यावर एकच भलंमोठं बीटीआरएफएस (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची लिनक्सची एक पद्धत) पार्टिशन दिसतं, आतल्या सबव्हॉल्यूमचा मागमूस नाही. फॉरमॅटची खूण केल्याशिवाय इन्स्टॉलर पुढे जाऊ देत नाही.
- टाइमशिफ्ट (सिस्टीम मागच्या स्थितीत नेणारं हत्यार) बीटीआरएफएस मोडमध्ये चालत नाही.
- जुनी सिस्टीम काढून टाकली तरी डिस्क भरलेलीच.

ओळखीपाळखीतली मशीनं दुरुस्त करताना हा प्रकार इतक्यांदा हाताखालून गेलाय की फोनवर पहिलं वाक्य ऐकलं तरी पुढचं कळतं. लक्षणं सहा असली तरी दुखणं बहुतेक वेळा एकच. पार्टिशन आणि सबव्हॉल्यूम या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. पार्टिशनला आकार असतो, सुरुवात-शेवट असतो. सबव्हॉल्यूमला यातलं काही नसतं. ते एकाच पार्टिशनच्या पोटातलं फाइलींचं वेगळं झाड असतं, स्वतंत्रपणे माउंट करता येतं आणि जागा सगळ्यांची सामाईक. त्यामुळे फक्त पार्टिशनांची भाषा कळणाऱ्या पडद्यावर ते दिसतच नाही. त्यात प्रत्येक वितरणाची, म्हणजे लिनक्सच्या प्रत्येक अवताराची, नावं वेगळी. उबंटू आणि मिंटच्या घराण्यात परंपरेने @ आणि @होम, फेडोरात रूट आणि होम, डेबियनचा इन्स्टॉलर ११व्या आवृत्तीपासून @रूटएफएस नावाचं एकच करतो, आणि ओपनसुसेत तर चालू रूट एखाद्या स्नॅपशॉटच्या (सबव्हॉल्यूमच्या त्या क्षणीच्या टिपलेल्या स्थितीच्या) आत बसलेलं असतं. फेडोराने ३३व्या आवृत्तीत, म्हणजे २०२० साली, डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस हीच नेहमीची निवड केली. तेव्हापासून, आपण असलं काही निवडलंय हेच माहीत नसलेले लोकही या घोळात सापडतात.

एक सूचना: कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, अपवाद असेल तिथे सांगितलंय.

काहीही करण्याआधी

"परत एकदा इन्स्टॉल करून बघतो" हा विचार मनातून काढा. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत पहिल्या चुकीने डेटा क्वचितच गेला, बहुतेकांचा दुसऱ्या प्रयत्नात गेला. पहिल्या वेळी होम नुसतं जोडलेलं नसतं. दुसऱ्या वेळी घाबरून फॉरमॅटची खूण होते आणि खेळ संपतो.

पहिली तपासणी: वापरलेली जागा बघा

याला अर्धं मिनिट लागतं आणि काहीही बदलत नाही. मशीन सुरू होत असेल तर त्यातच, नाहीतर लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) पार्टिशन उघडून:

डीएफ -एच /

मध्यंतरी एका ओळखीच्या गृहस्थांचा रात्री साडेदहाला फोन आला. मुलीच्या जन्मापासूनचे फोटो गेले, आवाज रडवेला. त्यांना एवढी एकच कमांड चालवायला लावली आणि "वापरलेली" या रकान्यातला आकडा वाचायला सांगितला. ३१२ जीबी. नव्या सिस्टीमला लागतात दहा-बारा जीबी, होम रिकामं, मग उरलेले ३०० कुणाचे? त्यांचेच. फोटो डिस्कवर जागच्या जागी होते, फक्त नव्या सिस्टीमला त्यांचं दार माहीत नव्हतं.

म्हणून ही तपासणी सगळ्यांत आधी. एका पार्टिशनमधली सगळी सबव्हॉल्यूम एकाच साठ्यातून जागा घेतात, त्यामुळे डीएफ पूर्ण पार्टिशनचा हिशेब सांगतं, त्या एका फोल्डरचा नाही. आकडा मोठा असेल तर चहा घ्या, मग पुढे चला. आकडा नव्या सिस्टीमएवढाच असेल तर पार्टिशन फॉरमॅट झालंय. तसं असेल तर मधलं सगळं सोडा, मशीन बंद करा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

दुसरी: आत्ता काय कुठे जोडलंय

फाइंडएमएनटी -टी बीटीआरएफएस

उत्तरात डिव्हाइसच्या नावापुढे चौकटी कंसात सबव्हॉल्यूमचं नाव येतं. रूटपुढे [/@] दिसलं आणि /होमची ओळच नसली, तर होम वेगळं माउंट झालेलं नाही; समोरचं होम म्हणजे @ च्या आतला साधा फोल्डर. रूटपुढे कंसच नसेल तर इन्स्टॉलरने सबव्हॉल्यूम केलंच नाही, सगळं वरच्या पातळीवर ओतलं. टाइमशिफ्ट चालत नसेल तर कारण बहुधा हे, किंवा नावं @ आणि @होम नाहीत हे. त्या मोडमध्ये त्याला उबंटूची मांडणीच लागते.

इथेच यूजरचा क्रमांकही बघून घ्या. होम बरोबर जोडलंय, फाइली दिसतात, पण परवानगी नाही किंवा लॉगिन होऊन परत लॉगिनच्याच पडद्यावर फेकलं जातं, असं असेल तर सबव्हॉल्यूमचा काही दोष नाही. लिनक्स मालकी नावाने नाही, क्रमांकाने ओळखतं. पहिल्या यूजरला बहुतेक ठिकाणी १००० मिळतो. जुन्या सिस्टीमवर तुम्ही १००१ असाल तर नावं सारखी असूनही नव्या तुम्हाला जुन्याच्या फाइली परक्या. एलएस -एलएन ने मालकाचा क्रमांक दिसतो आणि चोन -आर ने (हा आर मात्र मोठ्या अक्षरात) बदलता येतो. फक्त आपल्याच फोल्डरवर चालवा, पूर्ण /होमवर नको.

तिसरी: वरच्या पातळीवरून डोकावणं

सगळ्या पोस्टमधला कामाचा भाग हाच. लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करा, एलएसबीएलके -एफ ने बीटीआरएफएसचं पार्टिशन शोधा. ते /डेव्ह/एसडीए३ आहे असं धरू. आता:

सुडो माउंट -ओ आरओ,सबव्हॉलआयडी=५ /डेव्ह/एसडीए३ /एमएनटी

सुडो बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम लिस्ट /एमएनटी

आरओ म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, ते विसरू नका. आणि ५ कशाला? प्रत्येक बीटीआरएफएसच्या मुळाशी एक सबव्हॉल्यूम असतंच आणि त्याचा क्रमांक कायम ५. तुम्ही केलेली सबव्हॉल्यूम २५६ पासून पुढे क्रमांक घेतात. क्रमांक न सांगता माउंट केलं तर जे डीफॉल्ट ठरवलेलं असेल तेच उघडतं आणि बाकीची शेजारी असूनही दिसत नाहीत. पाचावरून बघितलं की सगळं घर एकदम दिसतं. त्या गृहस्थांच्या लॅपटॉपवर हे आलं:

आयडी २५७ जेन ४१८८० टॉप लेव्हल ५ पाथ होम
आयडी ३०१ जेन ४१९०२ टॉप लेव्हल ५ पाथ @
आयडी ३०२ जेन ४१९०२ टॉप लेव्हल ५ पाथ @होम

वाचा नीट. आधी फेडोरा होतं, त्याचं होम अजून २५७ वर शाबूत. नवं वितरण @ नावं वापरणारं, त्याला @होम सापडलं नाही, म्हणून त्याने नवं रिकामं केलं. एका @ या अक्षराचा फरक, आणि बिचाऱ्यांनी रात्रभर जीव खाल्ला असता.

दोन होम दिसली आणि जुनं कुठलं कळेना, तर बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम शो ने ते कधी तयार झालं ते समजतं. किंवा सरळ आत शिरून बघा, आपली पसारा ठेवायची पद्धत आपल्याला ओळखू येतेच.

जुनं होम दिसलं की दुसरी कुठलीही दुरुस्ती करण्याआधी बाहेरच्या डिस्कवर त्याची प्रत घ्या. त्याच पार्टिशनमधला स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की दोन्ही जातात.

चौथी: एफएसटॅब

मशीन सुरू होताना काय कुठे जोडायचं याची यादी /ईटीसी/एफएसटॅब या फाइलीत असते. पाचावरून दिसणारी नावं आणि तिच्यातली नावं शेजारी ठेवून ताडून बघा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच मिटतात. चार गोष्टी बघायच्या.

यूयूआयडी, म्हणजे ओळखीचा लांबलचक क्रमांक, बरोबर आहे का. पार्टिशन फॉरमॅट झालं की तो बदलतो, आणि दुसऱ्या मशीनवरून उचललेल्या एफएसटॅबमध्ये तो जुनाच राहतो.

सबव्हॉल= पुढचं नाव अक्षरशः तेच आहे का. छोटी-मोठी अक्षरं वेगळी मानली जातात. सुरुवातीची तिरकी रेघ असली-नसली तरी चालते.

सबव्हॉलआयडी= असं काही लिहिलंय का. असेल तर काढा. नाव आणि क्रमांक दोन्ही दिले आणि ते जुळले नाहीत तर माउंट नाकारलं जातं. स्नॅपशॉटवरून जुनी सिस्टीम परत आणली की नाव तेच राहतं पण क्रमांक नवा मिळतो, आणि काल चाललेलं मशीन आज इमर्जन्सी मोडमध्ये. नाव पुरेसं आहे.

नोफेल लिहिलंय का. हा पर्याय होमवर लावलेला दिसला की मला वैताग येतो. त्याने दुखणं बरं होत नाही, झाकलं जातं. होम माउंट झालं नाही तरी मशीन मुकाट सुरू होतं, तुम्ही आठवडाभर काम करता, आणि त्या सगळ्या फाइली @ च्या आतल्या होम फोल्डरमध्ये जातात. पुढे खरं होम जोडलं की आठवड्याचं काम गायब! ते गेलेलं नसतं, वर खरं होम बसल्यामुळे खाली झाकलं गेलेलं असतं. पाचावरून बघा, /एमएनटी/@/होम मध्ये सापडेल.

त्या लॅपटॉपवर दुरुस्ती एका ओळीची होती: /होमच्या ओळीत सबव्हॉल=@होम च्या जागी सबव्हॉल=होम. लाइव्ह यूएसबीवरून हे करताना माउंट लिहिण्यासाठी उघडावं लागतं, आणि बदलायची फाइल /एमएनटी/@/ईटीसी मधली, लाइव्ह सिस्टीमची नव्हे. ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे.

जाता जाता: एफएसटॅबमध्ये होमला कॉम्प्रेशन आणि रूटला नको, असं वेगवेगळं लिहून उपयोग नाही. असे पर्याय पूर्ण फाइलसिस्टीमला लागतात, आधी जे माउंट होईल त्याचे चालतात.

पाचवी: बूटच्या वेळी चुकलेलं नाव

रूटच सापडत नसेल तर ग्रबच्या मेनूवर ई दाबा आणि लिनक्स शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यात रूटफ्लॅग्ज=सबव्हॉल=@ असं काही असेल. नाव चुकीचं असेल तर तिथेच सुधारा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, म्हणूनच तो बिनधास्त करून बघता येतो. मशीन सुरू झालं तर रोग कळला. मग आतून ग्रबची फाइल नव्याने बनवा. उबंटूच्या घराण्यात अपडेट-ग्रब, इतरत्र ग्रब-एमकेकॉन्फिग किंवा ग्रब२-एमकेकॉन्फिग.

मेनूच्या आधीच ग्रब रेस्क्यू येत असेल तर बहुधा कुणीतरी @ चं नाव बदललंय किंवा ते पुसलंय. /बूट वेगळं नसेल तर ग्रब आपल्या फाइली /@/बूट/ग्रब अशा पूर्ण वाटेने शोधतो, आणि ती वाट इन्स्टॉलच्या वेळी त्याच्यात कोरलेली असते. उपाय दोन: नाव पूर्वीचं करा किंवा ग्रब नव्याने बसवा. पहिला स्वस्त.

ग्रब नव्याने बसवायचा तर लाइव्ह यूएसबीवरून रूटचं सबव्हॉल्यूम सबव्हॉल=@ देऊन माउंट करा; पाचावरचं माउंट इथे चालणार नाही, चीरूट चुकीच्या जागी होईल. मग ईएफआय पार्टिशन त्याच्या /बूट/ईएफआय वर, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन बाइंड करून आत शिरा. ईएफआय पार्टिशन फॅट३२ असतं, ते सबव्हॉल्यूममध्ये कोंबता येत नाही. या परिच्छेदातले शब्द परके वाटत असतील तर इथेच थांबून जाणत्या माणसाला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

"स्पार्स फाइल नॉट अलाउड" असा संदेश येऊन कुठलंही बटण दाबल्यावर मशीन सुरू होतंय? घाबरू नका. ग्रबला बीटीआरएफएस वाचता येतं, पण शेवटची निवड लक्षात ठेवायला त्यावर लिहिता येत नाही, एवढाच अर्थ.

सहावी: मांडणीच बदलणं

सगळं वरच्या पातळीवर ओतलेलं असेल तर पुन्हा इन्स्टॉल न करताही @ बनवता येतं. लाइव्ह यूएसबीवरून पाच माउंट करून:

सुडो बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम स्नॅपशॉट /एमएनटी /एमएनटी/@

क्षणात होतं, कारण डेटाची प्रत होत नाही, त्याच ब्लॉकना दुसरी वाट मिळते. मग बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम क्रिएट ने @होम करा, @ च्या आतलं होम त्यात सीपी -ए --रिफ्लिंक=ऑलवेज ने आणा, @ मधला एफएसटॅब सुधारा, ग्रब बसवा. बाहेरचे जुने फोल्डर लगेच पुसू नका, आठवडाभर नव्या मांडणीवर काम करा. आणि पुसाल तेव्हा एकेक नाव टाइप करून पुसा. तारकाचिन्ह वापरलंत तर @ ही त्याच यादीत आहे.

फेडोरावर फक्त टाइमशिफ्टसाठी रूट आणि होमची नावं बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. नाव एमव्ही नेच बदलतं, ते सोपं. पण मागोमाग एफएसटॅब, बूटची ओळ असं सगळं बदलावं लागतं. स्नॅपशॉट घेणारं दुसरं हत्यार, स्नॅपर, कुठल्याही नावाच्या सबव्हॉल्यूमवर चालतं. हत्यार बदलणं घर बदलण्यापेक्षा बरं.

जागा मोकळी होत नाही त्याचंही इथेच बघू. जुनं रूट किंवा त्याचे स्नॅपशॉट यादीत अजून असतील तर जागा त्यांनी धरलेली असते. बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम डिलीट करताना "डिरेक्टरी नॉट एम्प्टी" आलं तर आत आणखी सबव्हॉल्यूम आहे. सिस्टमडी व्हार/लिब खाली मशीन्स आणि पोर्टेबल्स अशी दोन आपणहून करून ठेवतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आधी ती पुसा, मग बाहेरचं. स्नॅपशॉट घेताना नेमकं उलटं होतं: आतली सबव्हॉल्यूम त्यात येतच नाहीत, त्यांच्या जागी रिकामे फोल्डर दिसतात. पुसल्यावर जागा लगेच वाढत नाही, सफाई पाठीमागे चालू असते. बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम सिंक ती संपेपर्यंत थांबतं.

पुढच्या वेळी इन्स्टॉलरच्या पडद्यावर

आधी लाइव्ह सिस्टीममध्ये पाच माउंट करून सबव्हॉल्यूमची यादी फोनवर टिपून घ्या, अनमाउंट करा, मग इन्स्टॉलर उघडा. फेडोराच्या कस्टम भागात जुनी सबव्हॉल्यूम दिसतात. जुन्या होमला /होम द्या, रूटसाठी नवं बनवा. ज्या इन्स्टॉलरला सबव्हॉल्यूम दिसतच नाहीत, तिथे मी त्याच पार्टिशनवर इन्स्टॉलच करत नाही. दुसऱ्या पार्टिशनवर करतो आणि जुनं होम नंतर एफएसटॅबमधून जोडतो. शेवटच्या "काय काय बदलणार" या यादीत त्या पार्टिशनपुढे फॉरमॅट हा शब्द दिसला की मागे फिरा.

आणि डिस्कची हुबेहूब नक्कल डीडी ने केली असेल तर मूळ आणि नक्कल एकाच वेळी मशीनला जोडू नका. बीटीआरएफएस डिस्क यूयूआयडीवरून ओळखतं आणि दोघींचा यूयूआयडी एकच.

हात कधी थांबवायचा

डीमेसेजमध्ये (ही कमांड कर्नलचे संदेश दाखवते) "पेरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड", "ओपन सीट्री फेल्ड" किंवा चेकसमच्या चुका दिसल्या तर हा नावांचा घोळ नाही, फाइलसिस्टीमच जखमी आहे. अशा वेळी बीटीआरएफएस चेक --रिपेअर चालवू नका. नावात दुरुस्ती आहे म्हणून लोक तेच आधी चालवतात, आणि वाचण्यासारखं होतं तेही जातं. बीटीआरएफएस रिस्टोअर मूळ डिस्कवर न लिहिता फाइली दुसऱ्या डिस्कवर काढतं, पण डेटा महत्त्वाचा असेल तर तेही जाणत्याच्या हातून.

डिस्कमधून टकटक आवाज येतोय, किंवा एन्क्रिप्टेड पार्टिशनवर फॉरमॅट झालंय, तर घरगुती उपाय नाहीत. लक्सचं (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनचं) हेडर पुसलं गेलं आणि त्याची प्रत ठेवलेली नसेल तर पासवर्ड माहीत असूनही काही होत नाही.

फॉरमॅट झालेलं असेल तर मशीन लगेच बंद. डिस्क फिरती असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी, आशा असते. एसएसडी असेल तर बीटीआरएफएसचा फॉरमॅट सुरुवातीलाच सगळे ब्लॉक मोकळे झाल्याचं डिस्कला कळवतो, त्यानंतर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. पैसे भरण्याआधी हे समोरच्याला स्पष्ट विचारा.

जाताना सोबत न्या: सबव्हॉल्यूमची यादी, एफएसटॅबची प्रत, डीमेसेजच्या पडद्याचा फोटो, आणि इन्स्टॉलरमध्ये तुम्ही नेमकं काय काय दाबलंत ते क्रमाने लिहिलेला कागद. तो कागद लिहिताना लाजू नका, निम्मं निदान त्यातूनच होतं.